न परतणारी मालगाडी

१९७९च्या जुलैत आमच्या गावावर स्कायलॅब पडणार होतं. पडायचं होतं जगात कुठेतरी, पण रेडिओवर बातमी ऐकली की प्रत्येक गावाला ते आपल्याच माथ्यावर येणार असं वाटायचं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आभाळ पावसाने गच्च भरलेलं, त्यामुळे वरचं काही दिसायची सोय नाही, आणि दिसत नाही म्हणून भीती दुप्पट. आखाड चालू होता. 'मरायचंच आहे तर खाऊन मरू' म्हणत शेजारच्या तात्यांनी दोन कोंबडी कापली. ११ जुलैला अमेरिकेच्या त्या अंतराळ स्थानकाचं सुमारे ७७ टनांचं धूड वातावरणात शिरून फुटलं आणि उरलेले तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्सच्या आसपास पडले. रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला ४०० डॉलरचा दंड लावला. तात्यांची कोंबडी मात्र गेली ती गेलीच.

पुढे कितीतरी वर्षांनी, जुन्या उड्डाणांच्या तारखा चाळताना एक गोष्ट नजरेस आली आणि मी तिथेच थबकलो. त्याच ११ जुलैला डोक्यावर आणखी एक स्थानक फिरत होतं. रशियनांचं साल्यूत-६. त्यात व्लादिमीर ल्याखोव आणि व्हालेरी रियुमिन हे दोघं फेब्रुवारीपासून राहत होते. ते जेवत होते, झोपत होते, दुरुस्त्या करत होते. स्थानकाच्या शेपटीकडच्या दारात एक सात टनांचं, बिनमाणसाचं यान चिकटून उभं होतं. त्याचं नाव प्रोग्रेस-७.

स्कायलॅब का पडलं? बिघडलं म्हणून नाही. एवढ्या उंचीवरही हवेचा विरळ थर असतो, तो घासत राहतो आणि स्थानक हळूहळू खाली येतं. त्या काळात सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला होता, त्याने वातावरण फुगलं आणि घसरण वाढली. कुणीतरी जाऊन वर ढकलायला हवं होतं. ते काम नव्या स्पेस शटलने करायचं ठरलं होतं, पण शटलचं पहिलं उड्डाण लांबत लांबत १९८१च्या एप्रिलवर गेलं. स्कायलॅबमध्ये अन्नपाणी, कपडे सगळं सुरुवातीलाच भरून पाठवलं होतं, लांबच्या प्रवासाला निघताना डबा भरून घ्यावा तसं. डबा भरपूर मोठा होता. शेवटच्या तुकडीने त्यावर ८४ दिवस काढले. पण डबा संपला की मागून काही येणार नव्हतं.

साल्यूतला मागून येणारं होतं. हे पुस्तक त्या मागून येणाऱ्याचं आहे.

मराठीत अंतराळावर लिहिलं जातं, आणि चांगलं लिहिलं जातं. पण त्यात गागारीन असतो, चंद्र असतो, मंगळ असतो. वाणसामान कुणी आणलं, हे त्यात सहसा नसतं. रेल्वेत मालगाडीला बाजूच्या रुळावर थांबवून मेलगाडी पुढे काढतात, तसंच हे. मी स्वतः या विषयाकडे वळलो तो काहीशा हट्टाने. ज्यात कुणी बसत नाही, ज्याला कुणी निरोप देत नाही आणि जे कधीच परत येत नाही, अशा यानात सांगण्यासारखं काय असणार, असं एका मित्राने विचारलं होतं. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हे तीनशे पानांचं उत्तर आता त्याला घरपोच मिळेल.

पहिलं प्रोग्रेस २० जानेवारी १९७८ला कझाकस्तानातल्या बैकानूरहून निघालं आणि दोन दिवसांनी साल्यूत-६ला जाऊन भिडलं. आत युरी रोमानेंको आणि गिओर्गी ग्रेच्को होते. त्याआधीच्या साल्यूतांना एकच दार होतं. एका दारात अंतराळवीरांचं स्वतःचं परतीचं यान, सोयुझ, उभं राहिलं की पाहुण्याला जागा नाही. साल्यूत-६ला पुढे एक आणि मागे एक अशी दोन दारं दिली, आणि सगळा खेळच बदलला. रोमानेंको-ग्रेच्को ९६ दिवस राहिले, म्हणजे स्कायलॅबचा ८४ दिवसांचा उच्चांक मोडून. रोमानेंकोच्या दाढेने शेवटी शेवटी त्याचा जीव नकोसा केला होता. मालवाहू यानातून जवळजवळ काहीही पाठवता येतं, दातांचा डॉक्टर तेवढा येत नाही.

प्रोग्रेसची घडण समजून घेतली की तिच्यामागचं डोकं कळतं. ती सोयुझचीच बहीण. सोयुझमध्ये तीन भाग: पुढे गोलसर खोली, मधे माणसांना घेऊन परतणारी घंटेच्या आकाराची कुपी, मागे इंजिन. रशियन अभियंत्यांनी मधली कुपी काढून टाकली. माणूस नाही तर परतायचं कशाला? कुपीबरोबर उष्णतारोधक कवच गेलं, पॅराशूट गेलं, आसनं गेली. त्या जागी इंधनाच्या टाक्या बसवल्या. पुढच्या खोलीत कोरडा माल. पहिल्या खेपेत सुमारे २.३ टन सामान गेलं, त्यात टनभर इंधन. परत न येण्याची किंमत मोजून प्रोग्रेसने ही क्षमता मिळवली. रशियन लोक तिला बोलताना 'ग्रुझोविक' म्हणतात, म्हणजे ट्रक. मला मालगाडी जास्त आवडते, कारण ती ठरलेल्या वाटेने जाते.

इंधन भरण्याचा प्रकार मात्र ट्रकचा नव्हे. हे इंधन आणि त्याचं ज्वलनसाथी रसायन दोन्ही जहाल विषारी, एकमेकांना भेटताच पेट घेणारी. त्यांच्या नळ्या माणसांच्या खोलीतून नेणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या बाहेरून नेल्या आणि जिथे दोन यानांची कडी एकमेकांत अडकतात, तिथेच त्यांची तोंडं जुळतील अशी योजना केली. त्यात एक मेख होती. स्थानकाच्या टाकीत इंधन ढकलायला नायट्रोजनचा दाब असतो. तो दाब असेपर्यंत नवीन इंधन आत शिरणार कसं? मग आधी पंप लावून तो नायट्रोजन परत बाटल्यांत कोंबायचा, टाकीतला दाब उतरवायचा, आणि त्यानंतर प्रोग्रेसच्या जास्त दाबाने इंधन आत सारायचं. पंप वीज खातो आणि स्थानकाकडे वीज मोजकी, म्हणून हे काम सावकाश चालतं. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत होणारी गोष्ट वर काही दिवस घेते. १९७८ साली हे स्वयंचलितपणे जमलं, याचं मला आजही चंद्रावरच्या पावलाइतकंच आश्चर्य वाटतं. हे वाक्य अतिशयोक्त वाटेल त्यांनी तिसरं प्रकरण आधी वाचावं.

दार उघडल्यावरची गोष्ट साधी आहे, आणि म्हणूनच मला तिचं आकर्षण. आत अंधार, आणि भिंतीभिंतीला घट्ट बांधलेलं सामान. उड्डाणाच्या धक्क्यात काही सुटू नये म्हणून जड वस्तू चौकटींना बोल्टने आवळलेल्या असतात. त्या सोडवायच्या. पेटीला वजन नसतं, तरी तिची धाव असते. पन्नास किलोची पेटी बोटाने सरकते, पण थांबवायला गेलं की बोट चेपतं. अन्नाचे डबे, अंतर्वस्त्रं, गाळण्या, सुटे भाग, प्रयोगांचं साहित्य, घरची पत्रं. सगळ्यांत आधी हाताशी येतील अशी ठेवलेली असतात सफरचंदं, लिंबं, कांदे, लसूण. महिनोन्‌महिने यंत्रांनी गाळलेल्या हवेत राहिलेल्या माणसाला ताज्या फळाचा वास येतो तेव्हा काय होत असेल, ते आपण ओळखू शकतो.

मग उलटा प्रवास. स्थानकावर धोबी नाही, कपडे धुतच नाहीत, मळले की टाकायचे. ते मळके कपडे, रिकामे डबे, जुन्या बॅटऱ्या पुन्हा त्याच चौकटींत रचायच्या, आणि कसंही भरून चालत नाही. कुठल्या बाजूला किती वजन आहे ते खालच्या नियंत्रण कक्षाला कळवावं लागतं, नाहीतर सुटल्यावर यान वेडंवाकडं वागेल. ज्या टाक्यांतून पिण्याचं पाणी आलं, त्याच टाक्यांत जाताना लघवी भरून देतात. पूर्वी यानाला स्थानकापर्यंत आपोआप आणणारी 'कुर्स' नावाची महागडी यंत्रणाही अंतराळवीर आतून खोलून काढत, आणि शटल आलं की त्यातून परत पाठवत. पुढच्या गाडीत तीच लावायची. काटकसर म्हणजे काय ते या मंडळींकडून शिकावं. अर्थात काटकसरीनेच एकदा घात केला, त्याकडे येतोच.

आधी एक भारतीय आठवण. ३ एप्रिल १९८४ला राकेश शर्मा सोयुझ टी-११मधून निघाले आणि दुसऱ्या दिवशी साल्यूत-७वर पोहोचले. त्यानंतरचा इंदिरा गांधींशी झालेला संवाद देशाला पाठ आहे. पण ते ज्या मागच्या दाराशी जाऊन थांबले, ते दार ३१ मार्चपर्यंत अडलेलं होतं. तिथे प्रोग्रेस-१९ उभी होती. पाहुणे येणार म्हणून ती सोडवून समुद्रावर जाळण्यात आली. शर्मा ११ एप्रिलला परतले आणि चारच दिवसांनी प्रोग्रेस-२० निघाली. आपल्या इतिहासातला तो आठवडा दोन मालगाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात बसवलेला होता.

आता घाताकडे. या पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण २५ जून १९९७चं आहे आणि ते लांब होऊ दिलं याबद्दल मी माफी मागणार नाही. सोव्हिएत संघ फुटला होता. 'कुर्स' यंत्रणा कीव्हमध्ये बनायची आणि कीव्ह आता दुसऱ्या देशात होतं. यंत्रणेचे पैसे मोजावे लागत होते आणि रशियाकडे पैसे नव्हते. तेव्हा मीर स्थानकावरच्या माणसाने टीव्हीच्या पडद्यावर बघून, दोन दांड्या हातात धरून मालवाहू यान जोडून दाखवावं, म्हणजे यंत्रणेची गरज उरणार नाही, असा विचार पुढे आला. मार्चमध्ये चाचणी झाली. ऐन वेळी पडद्यावरचं चित्रच गेलं आणि यान थोडक्यात बाजूने निघून गेलं. चित्र 'कुर्स'च्या लहरींमुळे गेलं असावं अशी शंका आली, म्हणून जूनच्या चाचणीत ती बंदच ठेवली. म्हणजे आता अंतर आणि वेग सांगणारंही कुणी नव्हतं.

पडद्यासमोर वासिली त्सिब्लियेव. त्याला दिसत होतं ते प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्यातून: खाली ढगांची पांढरी चादर आणि तिच्यावर बारीक ठिपक्यासारखं मीर, म्हणजे तो स्वतः जिथे बसला होता ते घर. पांढऱ्यावर पांढरं. अलेक्झांडर लाझुत्किन खिडक्यांतून यान शोधत होता आणि ते सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा ते मोठं होतं आणि जवळ होतं. त्याने मायकल फोल या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अमेरिकी सोबत्याला सोयुझमध्ये जायला सांगितलं. धडक बसली. फोलच्या कानांत दडे फुटले, म्हणजे हवा निसटत होती.

भोक 'स्पेक्त्र' नावाच्या खोलीला पडलं होतं. ती खोली बंद करायची तर दारातून केबलांचे जुडगे गेलेले. लाझुत्किनने जमतील तेवढ्या जोडण्या उपटल्या, बाकीच्या चाकूने कापल्या. खोलीचं मूळ दार ओढून येईना, कारण हवा त्याला पलीकडे रेटत होती. मग दुसरं झाकण शोधून दाराला टेकवलं आणि ज्या हवेने मघाशी अडवलं होतं, तिनेच ते घट्ट दाबून धरलं. जीव वाचले, पण स्थानकाची जवळजवळ निम्मी वीज त्या खोलीच्या सौरपंखांतून येत होती. मीर गरगरत होतं, उरलेले पंखही सूर्याकडे धड राहीनात. काही वेळाने दिवे गेले आणि हवा खेळवणारे पंखे थांबले. मीरवर कधीच शांतता नसायची. त्या दिवशी ती झाली. फोलने खिडकीच्या काचेला अंगठा लावला, हात लांब केला आणि तारे अंगठ्याआड जायला किती वेळ लागतो ते मोजून स्थानकाच्या फिरण्याचा वेग काढला. त्या हिशोबावर सोयुझची छोटी इंजिनं पेटवून, चुकत-सुधारत मीर सूर्याकडे वळवण्यात आलं.

दहाच दिवसांनी, ५ जुलैला, दुरुस्तीचं सामान घेऊन पुढची प्रोग्रेस निघाली. त्यात फुटक्या खोलीच्या दाराला बसवायचं खास झाकण होतं, ज्यातून केबली पार नेता येतील. ज्या जातीच्या यानाने घर फोडलं, त्याच जातीच्या यानाने पाचर आणून दिली. फोलचं बरंचसं खासगी सामान मात्र त्या बंद खोलीतच राहिलं.

त्यानंतरचा मोठा प्रसंग कोलंबियाचा. १ फेब्रुवारी २००३ला ते शटल परतताना फुटलं, कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. हे दुःख आपण घरचं मानून सोसलं. पण त्याच वेळी ४०० किलोमीटर उंचीवर तीन माणसं आंतरराष्ट्रीय स्थानकावर होती आणि माल वाहणारी शटलं आता अडीच वर्षं उडणार नव्हती. तुकडी तिघांची दोघांवर आणली आणि सगळा भार प्रोग्रेसवर आला. २००४च्या शेवटी लीरॉय चिआओ आणि सलिझान शारिपोव यांच्या लक्षात आलं की कोठारात नोंदीपेक्षा अन्न कमी आहे. आधीच्या मंडळींनी नोंद न करता खाल्लं होतं. दोघांनी घास मोजायला सुरुवात केली. साठा जानेवारीच्या मध्यापर्यंत पुरणार होता, आणि गाडी चुकली तर स्थानक सोडून खाली यावं लागणार होतं. नाताळच्या दिवशी अडीच टनांच्या आसपास माल घेऊन प्रोग्रेस दाराशी लागली. १७ वर्षांनंतर कल्पनाचं नाव एका मालवाहू यानालाच मिळालं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये उडालेल्या त्या सिग्नस यानातून इतर सामानाबरोबर स्थानकासाठी नवं शौचालय गेलं. काहींना हे खटकलं. मला नाही. तिच्या मृत्यूनंतर स्थानकाला ज्यांनी तगवलं, त्यांच्या रांगेत तिचं नाव लागलं.

सगळ्याच गाड्या पोहोचत नाहीत. २८ ऑक्टोबर २०१४ला सिग्नस उड्डाणानंतर काही सेकंदांत पेटली. २८ एप्रिल २०१५ला एक प्रोग्रेस कक्षेत पोहोचून भोवऱ्यासारखी फिरत राहिली आणि दहा दिवसांनी जळाली. २८ जूनला ड्रॅगन या मालवाहू यानाचं रॉकेट आकाशात फुटलं. आठ महिन्यांत तीन, आणि तिन्ही वेळा तारीख २८. ज्योतिषी मित्रांसाठी ही माहिती सोडून देतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की स्थानक रिकामं करावं लागलं नाही, कारण कोठार नेहमी काही महिने पुढचं भरून ठेवलेलं होतं आणि ३ जुलैला पुढची प्रोग्रेस निघालीही.

युरोपची पाच एटीव्ही यानं, जपानची 'कोनोतोरी', चीनची त्यान्‌चौ यांना पुस्तकात एकेक प्रकरण आहे. कोनोतोरी म्हणजे करकोचा, पाळणा घेऊन येणारा. ड्रॅगनला दोन प्रकरणं दिली, कारण ते माल परतही आणतं आणि शास्त्रज्ञांच्या नमुन्यांसाठी त्याला तोड नाही. तरीही माझा कल कुठे आहे ते वाचकाला पाचव्या पानावरच कळेल. प्रोग्रेसच्या पावणेदोनशेहून अधिक खेपा झाल्या आहेत आणि १९७८चा माणूस आज आला तर तिला बाहेरून ओळखेल.

२०२५च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे जात होती, तेव्हा घरोघरी चिडचिड चालली होती. अनेक कारणांपैकी एक होतं स्थानकाच्या रशियन बाजूच्या टोकाला असलेली हवेची गळती. ती गळती ज्या छोट्या बोळात होती, त्याच्या पलीकडच्या दाराला प्रोग्रेस लागते. वर्षानुवर्षं त्या बोळातून पोती, पेट्या, फळं आत आली आणि कचरा बाहेर गेला. शेवटी २५ जूनला, म्हणजे मीरच्या धडकेच्या बरोबर २८ वर्षांनी, शुक्ला निघाले, सोबत गाजराचा आणि मुगाचा हलवा आणि आमरस घेऊन. स्थानकावर आमरस पोहोचला हे वाचून मी पहिल्यांदा विचार केला तो वाडग्याचा. वाटीत तो राहणार नाही.

वाचकांना एक विनंती होती, पण ती कधीकधी निम्मीच करता येते. पूर्वी प्रोग्रेसला स्थानक गाठायला दोन दिवस, चौतीस प्रदक्षिणा लागत. त्या दोन दिवसांत संध्याकाळी किंवा पहाटे आभाळ स्वच्छ असेल तर गच्चीवरून पुढे एक ठळक ठिपका आणि मागून एक मंद ठिपका, त्याच वाटेने जाताना दिसण्याची शक्यता असे. मी ते पुण्यात एकदाच पाहिलं. बायकोला हाक मारेपर्यंत पहिला ठिपका पृथ्वीच्या सावलीत विझला होता. ती वर आली तेव्हा मागचा अजून दिसत होता, पाच-सहा सेकंद. २०१२पासून काही वेळा हा प्रवास सहा तासांवर येऊ लागला आणि २०१८च्या जुलैत एक प्रोग्रेस पावणेचार तासांच्या आत जोडली गेली. अशा वेळी दोन ठिपके दिसायचे तर सगळं नेमकं जुळून यावं लागतं. स्थानकाचा एकच ठिपका मात्र निरभ्र संध्याकाळी अनेकदा दिसतो. त्याच्या कुठल्या दाराशी काय लागलेलं आहे, ते खालून कळत नाही.